पती-पत्नी एकाच महाविद्यालयात नकोत?

प्रयोगशाळा: 'नवरा-बायकोला एकाच महाविद्यालयात नेमूच नये' हे तासिकावाला यांचे इथले कालचे मत वाचून राहवले नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत असे नियम अनेक दशके होते आणि त्यांची किंमत बायकांनी मोजली. मारिया गोपर्ट-मेयर यांचे पती शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होते, म्हणून अणुकेंद्राच्या रचनेवर तेथे काम करणाऱ्या मारियाबाईंना विद्यापीठाने पगारच दिला नाही. त्याच कामासाठी त्यांना १९६३ मध्ये नोबेल मिळाले. गर्टी कोरी १९३१ पासून सेंट लुइसला पतीच्या बरोबरीने संशोधन करीत होत्या, पण प्राध्यापकपद मिळाले ते १९४७ मध्ये, दोघांच्या नोबेलच्या वर्षी. बंदी नको, नातेवाइकाचा विषय निघाला की बैठकीतून उठण्याची सक्ती हवी.

तासिकावाला: उठून काय होणार? मी नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे आणि अजून तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर आहे. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून मानधनही नाही. आमच्या तालुक्यातील एका संस्थेत मुलाखतीला गेलो, तर अध्यक्षांच्या खुर्चीत दुसऱ्या उमेदवाराचे सासरे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत शैक्षणिक गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच धरले जातात, निवड मुलाखतीवरच होते. सासरे बाहेर बसले, तरी आतले प्राचार्य त्यांचा शब्द मोडतील का?

जुना विभागप्रमुख: तुमच्यावर अन्याय झाला, पण त्यासाठी प्रत्येक दांपत्याला आरोपी करू नका. माझी पत्नी माझ्याच विभागात होती. मी प्रमुख झाल्यावर तिचा गोपनीय अहवाल थेट प्राचार्य लिहीत, तिच्या रजेच्या अर्जावरही माझी सही नसे. मुलगा परीक्षेला बसला त्या वर्षी आम्ही दोघांनी पेपर काढण्यास आणि तपासण्यास लेखी नकार दिला. तासिकांचा प्रश्न जागा न भरल्यामुळे आहे, त्याचा नात्याशी काय संबंध?

तासिकावाला: काय संबंध? तासिकांच्या नेमणुकीकडे कोणाचे लक्षच नसते, म्हणून नातेवाईक आधी तिथेच शिरतात! आमच्या विभागप्रमुखांच्या भाचीला आठवडाभर सकाळचे सलग तास आणि मला दोन दिवस, तेही दुपारचे, कारण वेळापत्रक तेच करतात. तोच अनुभव पुढे मुलाखतीत मोजला जातो. दरमहा पगार खात्यात जमा होणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये.

जुना विभागप्रमुख: माझ्या पगारावर घसरण्याचे कारण नव्हते. चौतीस वर्षे शिकवून तो मिळवला आहे.

प्रयोगशाळा: सर, त्यांचा सूर मलाही खटकला, पण मुद्दा खोडता येत नाही. उठून जाणे दोन समकक्ष प्राध्यापकांत पुरते. संस्थाचालकाच्या बाबतीत पुरत नाही, हे मला मान्य करावेच लागेल. त्यांचा नातेवाईक उमेदवार असेल, तर ती मुलाखत संस्थेने घेऊच नये, विद्यापीठाने दुसऱ्या जिल्ह्यात घ्यावी. पती-पत्नींवरील बंदीला मात्र माझा विरोधच राहील.

तासिकावाला: तेवढे झाले तर बंदीचा आग्रह मी सोडतो. पण तासिकांच्या नेमणुका आणि वेळापत्रकही त्याच नियमाखाली आणा. नात्यातला माणूस विभागात असेल, तर तास वाटण्याचे काम विभागप्रमुखांकडे ठेवू नका.