वर्षात अख्खं बायबल?
नव्यानं विश्वासात आलेल्यानं वर्षभरात सगळं बायबल वाचून काढावं का, असं तुम्ही विचारलंय. माझा तो नेम महिनाभरात मोडला. लेवीय या सुरुवातीच्याच पुस्तकातल्या नियमांशी अडलो. मग मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूची कहाणी सांगणारं एक पुस्तक धरलं, 16च अध्याय. आमच्या खानापूरकडे मी जातो तिथली उपासना कन्नडमध्ये असते, पण घरी मराठीतच वाचतो. चौथ्या अध्यायात माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. ते कसं रुजतं त्याला कळत नाही. येशूनं सांगितलेला हा दाखला, म्हणजे बोधकथा, चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कातच आहे. भात पेरून आलो त्या रात्री आईला वाचून दाखवला. आई वारकरी, रोज हरिपाठ म्हणणारी. (माझ्या बाप्तिस्म्यानंतर चार महिने तिनं अबोला धरला होता.) म्हणाली, “परत वाच.” आता तिचा हरिपाठ झाला की मी वाचतो, एखादाच परिच्छेद.