आत्याच्या पत्रिकेतली ३९ मिनिटं

गिरगावचा_भाचा: मोठ्या आत्याच्या ट्रंकेत तिची जुनी पत्रिका सापडली. जन्म मार्च १९३८ अखेर, गिरगाव. वेळेच्या जागी लिहिलंय, ‘प्रातः ७-१० मुं. टा.’. मी ७.१० टाकून मोबाइलवर कुंडली काढली तर मीन लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) आलं. कागदावर मात्र मेष. पूर्वीचे जोशीबुवा चुकले, ॲप चुकलं की मी? आणि हे ‘मुं. टा.’ काय आहे?

पत्रिकावाल्यांची_लेक: चूक तुमची, पण माफ आहे. ‘मुं. टा.’ म्हणजे मुंबई टाइम. माझे वडील दादरला पत्रिका करत. भविष्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्यांच्याशेजारी बसून वेळेची आकडेमोड मात्र शिकले. १९५५ च्या आधीचा मुंबईतला जन्म असला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “कुठल्या घड्याळाचे सात?”

१ जानेवारी १९०६ ला सरकारने स्टँडर्ड टाइम आणला. तो ८२.५ रेखांशाचा, मिर्झापूरजवळून जाणारा. मुंबई साधारण ७२.८ वर. एका अंशाला ४ मिनिटं धरा, ९.७ अंशांची होतात ३९. म्हणजे मुंबईच्या घड्याळात सात वाजले की स्टँडर्ड टाइमचे ७.३९. हुकूम निघाला, पण शहराने तो मनावर घेतला नाही. त्याच महिन्यात गिरणी कामगार भडकले. भोंगा नव्या वेळेवर वाजायचा म्हणजे ३९ मिनिटं आधी अंथरूण सोडायचं, वर अंधार! महापालिकेने तर मुंबई टाइम १९५५ पर्यंत धरून ठेवला. एका शहरात दोन वेळा, जवळजवळ पन्नास वर्षं.

तेव्हा ७-१० मध्ये ३९ मिळवा. ७.४९ टाकून बघा.

आणखी एक. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात महायुद्धापायी स्टँडर्ड टाइम एक तास पुढे होता. आत्याच्या पाठची भावंडं त्या काळातली असतील तर त्यांच्या वेळेला हात लावण्याआधी मला विचारा. बाबा असल्या पत्रिकांवर पेन्सिलीने फुली मारून ठेवत.

रुळावरचा: रेल्वेची आणखी निराळी तऱ्हा. स्टँडर्ड टाइमच्या आधी गाड्या मद्रास टाइमवर धावत, तो मुंबईच्या अर्धा तास पुढे. गाडी सातची असली तर घरच्या घड्याळात साडेसहालाच सुटायची. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास टाइम लावला होता. लोकांनी इतकी ओरड केली की दोन वर्षांत मागे घ्यावा लागला.

सदाशिव_पेठ: मुंबईकरांना उशिरा पोचायला सरकारमान्य कारण होतं म्हणायचं. आमच्या पुण्याचा फरक फक्त ३५ मिनिटांचा.

गच्चीवरचा: हा फरक आजही डोळ्यांनी दिसतो. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. आमच्या गच्चीत पाण्याचा पाइप उभा करून पोरं बाराच्या ठोक्याला जमली, तर सावली आपली पायाशी पसरलेली. पोरं कंटाळून खाली गेली, कोणी तरी सरबत आणलं, आणि १२.३५ ला सावली पाइपाखाली गडप झाली. सूर्य अजून मुंबई टाइमच पाळतो. चार मिनिटं कमी दिसतात ती पृथ्वीच्या तिरप्या आसाची आणि लंबवर्तुळाकार कक्षेची करामत. फेब्रुवारीत तोच मध्यान्ह १२.५३ पर्यंत जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ वर येतो.

गिरगावचा_भाचा: ७.४९ टाकले. मेष आलं! आत्याला फोन करून सांगितलं. म्हणाली, “मेल्या, परवा मला मीन म्हणालास तेव्हाच मला राग आला होता. त्यावरूनच ओळखायचंस.”