आठवीनंतर मुलांची शिकण्याची ओढ का ओसरते?

प्रश्न – एक पालक, देवगड तालुका

माझी मुलगी यंदा नववीत आहे. सातवीपर्यंत विज्ञानाचे नवे पुस्तक जूनमध्येच वाचून काढणारी ही मुलगी आता कोणताही धडा उघडण्याआधी "हे परीक्षेला आहे का?" एवढेच विचारते. गुण चांगले असल्यामुळे शाळेची काही तक्रार नाही. मला मात्र काळजी वाटते. या वयात सगळ्यांचेच असे होते का?

उत्तर – माध्यमिक शिक्षिका, मालवण

पुष्कळांचे होते, पण त्याचे खापर केवळ वयावर किंवा मोबाइलवर फोडणे योग्य नाही. जॅकलिन एक्लिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये असे मांडले की, किशोरवयात मुलांना स्वतःच्या निर्णयांत वाटा हवासा वाटू लागतो आणि नेमकी त्याच सुमारास शाळा अधिक कडक होते, मुलांची एकमेकांशी तुलना करू लागते. आपल्याकडे हा सांधा नववीत येतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतचा. पुढच्या वर्गात पाऊल टाकताच घरीदारी दहावीचीच भाषा सुरू होते. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, याचा मलाही अभिमान आहे. परंतु त्या आकड्यावरून मुलांना शिकावेसे वाटते की नाही, हे कळत नाही.

उत्तर – निवृत्त गणित शिक्षक, वेंगुर्ला

बाईंशी मी सहमत आहे. आमच्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला साधारण सहा वाजता. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवताना मी हाच हिशेब फळ्यावर मांडत असे. एरवी मान खाली घालून बसणारी, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडायला जाणारी मुले तेव्हा पुढे येत आणि पौर्णिमेला सव्वाअकराच का येतात, प्रत्यक्षात वेळ थोडी पुढे का जाते, यावर वाद घालत. पंधरा तिथींत सुमारे बारा तासांचा फरक पडतो, म्हणजे तिथीमागे ४५ नव्हे, ४८ मिनिटे, हे त्यांनीच शोधून काढले. आपल्याला हे जमते आणि हे आपल्या उपयोगाचे आहे, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच तासात मिळाल्या. गृहपाठ वाढवून हे साधत नाही.

उत्तर – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजापूर

मी थोडे वेगळे सांगते. दहावीत माझाही अभ्यास निव्वळ गुणांसाठी होता, तरी अकरावीला माझ्या आवडीने कला शाखा घेतल्यावर इतिहास पुन्हा गोडीने वाचू लागले. माझ्या ज्या मैत्रिणींना घरच्यांच्या आग्रहाने विज्ञान शाखा घ्यावी लागली आणि कॉलेज, क्लास व एसटीचा प्रवास यांतच ज्यांचा दिवस संपू लागला, त्यांची ओढ मात्र बारावीपर्यंत आणखी कमी झाली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतात स्वायत्ततेला, म्हणजे आपले निर्णय आपण घेण्याला, मूलभूत गरज मानले आहे. ते मला या अनुभवातून पटले. म्हणून प्रश्न विचारणाऱ्या पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, गुणांविषयी तूर्त काही बोलू नये. आठवड्यातील एखादी संध्याकाळ मुलीने काय वाचावे हे तिचे तिलाच ठरवू द्यावे, आणि अकरावीची शाखा निवडताना तिचे म्हणणे आधी ऐकावे.