सुरुवातीचं हिप हॉप ऐकायचं कसं?

धागाकर्ती:
लेकीमुळे हिप हॉपची गोडी लागली. मुळापासून ऐकावं म्हणून १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं लावलं. चौदा मिनिटांच्या वर तोच ठेका, तोच बेस! यात लोकांना काय सापडलं असेल? जाणकारांनी जरा कान धरून शिकवावं.

प्रतिसाद १:
ताई, त्याआधीची सहा वर्षं रेकॉर्डवर नाहीतच, तिथून सुरुवात करू. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स, १५२० सेज्विक अव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेलला शाळेसाठी नवे कपडे हवे होते, म्हणून तिने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला थोरला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात सगळे थांबून फक्त तालवाद्यं उरतात त्या 'ब्रेक'ची नाचणारी पोरं वाट बघतात, हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावून तो काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबवायचा. इन्क्रेडिबल बोंगो बँडचं 'अपाचे' ऐका, फक्त बोंगोकडे लक्ष द्या.

हे अवघड किती, ते मला स्वतः करून बघितल्यावर कळलं. माझं टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवायचं यंत्र) बेल्टवालं, म्हणजे मोटर पट्ट्याने थाळी फिरवते. रेकॉर्डवर बोट टेकलं की खालची थाळीही रखडते, सोडल्यावर वेग धरेपर्यंत ठेका निसटून जातो. ब्राँक्सच्याच दुसऱ्या एका डीजेने, ग्रँडमास्टर फ्लॅशने, तेव्हा जोरदार मोटरची, डायरेक्ट ड्राइव्हची (मोटर थेट थाळीला जोडलेली, पट्टा नाही) टर्नटेबलं शोधली. रबरी मॅट काढून फेल्टच्या कापडाला खळ लावून, इस्त्री करून त्याच्या चकत्या रेकॉर्डखाली घातल्या. आता वर हाताने रेकॉर्ड धरा, खाली थाळी आपली फिरतेय. ब्रेक कुठे सुरू होतो तिथे रेकॉर्डवर क्रेयॉनची खूण, आणि मागे किती फेरे घ्यायचे ते मोजून. किती विचार केलाय या पोराने! मला आजही भरून येतं.

प्रतिसाद २:
वरच्याला +१. शब्दांबद्दल एक. 'रॅपर्स डिलाइट'मधला एक रॅपर, बिग बँक हँक, एक नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगतो, 'कॅसानोव्हा'. ते ग्रँडमास्टर केझ या दुसऱ्याच रॅपरचं नाव. ओळी केझच्या वहीतल्या, आणि त्याला श्रेय मिळालं नाही. गाणं ऐकताना त्याची आठवण ठेवा.

धागाकर्ती:
'अपाचे' तीनदा ऐकलं. मध्येच सगळं गळून नुसते ड्रम आणि बोंगो उरतात, तोच ना ब्रेक? लेक उठून नाचायलाच लागली.

प्रतिसाद १:
तोच! आता फ्लॅशचं १९८१ चं 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील' लावा. टर्नटेबलं आणि दोन हात, एवढ्यावर उभं केलेलं. त्यात 'अपाचे' येईल. आणि शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'चा बेसही येईल, 'रॅपर्स डिलाइट'मध्ये ज्याला तुम्ही कंटाळलात तोच. या वेळी हेडफोन लावून ऐका.