पाच वर्षांच्या मुलासाठी थांबू नका
तुमचा पाच वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. 'वय वाढलं की अडखळणं जाईल आपोआप' असं काहींनी सांगितलंय. बऱ्याच मुलांचं जातंही. पण तुमचा मुलगा दीड वर्षापासून अडखळतोय म्हणताय, तर स्पीच थेरपिस्टला दाखवाच. मुंबईत असाल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची, तिथे तपासणी होते.

मीही अडखळतो, पण थेरपिस्टकडे पस्तिशीत गेलो. तोवर पुण्यात कोथरूडहून बसमध्ये 'डेक्कन'चा ड निघायचा नाही, म्हणून स्वारगेटचं तिकीट काढून डेक्कनला उतरायचो. थेरपिस्टबाईंनी सुरुवातीला बोलणं सुधारायला घेतलंच नाही. अडकलो की जीभ टाळूला किती जोरात दाबली जाते, तेवढंच बघायला लावलं. मग तो दाब सैल करत ड हळूच सोडायचा, पुन्हा पुन्हा. आधी त्यांच्यासमोर, मग घरी, शेवटी कंडक्टरसमोर. अडखळतो आजही, पण तिकीट डेक्कनचंच काढतो.

आणि कृपा करून मुलाला 'सावकाश बोल, श्वास घे' म्हणू नका. माझी आई प्रेमानेच म्हणायची, पण मी गप्पच बसायचो. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या, कितीही वेळ लागो.