"गाझात निरपराध कोणीच नाही" हे वाक्य मला मान्य नाही

वाटसरू

परवा शस्त्रसंधीच्या धाग्यावर 'घाटावरचा' यांनी लिहिलं, "२००६ मध्ये त्यांनीच हमासला निवडून दिलं, आता भोगा. गाझात निरपराध कोणीच नाही." खाली पटापट 'सहमत', 'मनातलं बोललात' असं सुरू झालं. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी ती निवडणूक. जानेवारी २००६. मतदान गाझाबरोबर वेस्ट बँक या दुसऱ्या पॅलेस्टिनी भागातही झालं होतं. हमासच्या यादीला ४४ टक्क्यांच्या आसपास मतं आणि १३२ पैकी ७४ जागा. पुढच्याच वर्षी हमासने फतह या प्रतिस्पर्धी पॅलेस्टिनी पक्षाच्या माणसांना मारून-हाकलून गाझा ताब्यात घेतलं आणि त्यानंतर तिथे संसदेची निवडणूक झालेलीच नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला जो कोणी पस्तिशीच्या आत होता, त्याला २००६ मध्ये मताचा अधिकारच नव्हता. गाझातली जवळपास निम्मी वस्ती तर अठराच्या आतली. मग 'निवडून दिलं' ते कोणी?

हमासने इस्रायलमध्ये केलेल्या ७ ऑक्टोबरच्या हत्याकांडाबद्दल माझ्या तोंडून 'पण' निघणार नाही. बाराशेच्या आसपास माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं. बेरी किबुत्झमधल्या (किबुत्झ म्हणजे इस्रायलमधलं सामुदायिक गाव) व्हिव्हियन सिल्व्हर त्या दिवशी गेल्या. जन्मभर ज्यू-अरब शांततेचं काम केलेली बाई. निर ओझ किबुत्झचे ओदेद लिफशित्झ ८३ वर्षांचे होते. गाझातल्या आजारी माणसांना सीमेवरून आपल्या गाडीत बसवून इस्रायलच्या इस्पितळात पोचवायचे. त्यांना ओलीस नेलं आणि ते परत आले ते शवपेटीतून. मारणाऱ्यांनी त्यांची कामं विचारली नाहीत. पत्ता इस्रायलचा आहे ना, मग निरपराध कोणीच नाही, हाच तो हिशेब. घाटावरचा, तुमचं वाक्य शब्दशः त्यांचं वाक्य आहे, फक्त गावाचं नाव बदललंय.

२ मार्च २०२५ पासून अकरा आठवडे इस्रायलने गाझात अन्नाचा एक ट्रक आत सोडला नाही. ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि आसपास दुष्काळ असल्याचं रीतसर जाहीर झालं. पाऊस न पडल्यामुळे आलेला दुष्काळ नव्हता तो. पीठ नाक्यापलीकडे उभं होतं.

आणि पुण्याचे निवृत्त कर्नल वैभव काळे. १३ मे २०२४ ला रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या खुणा असलेल्या गाडीवर मारा झाला, त्यात ते गेले. या युद्धात गाझात मारला गेलेला संयुक्त राष्ट्रांचा तो पहिला परदेशी कर्मचारी. त्यांनी कोणाला मत दिलं होतं?

घाटावरचा

वाक्य माझं आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो.

२००५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांनी गाझातल्या सगळ्याच्या सगळ्या २१ ज्यू वसाहती उठवल्या. आठ हजारांवर ज्यूंना त्यांच्याच लष्कराने घराबाहेर ओढून काढलं. इतका मोठा तुकडा सोडून दिल्यावर मिळालं काय? रॉकेटं. आलेलं सिमेंट भुयारांत गेलं. शाळा-इस्पितळांच्या खाली भुयारं खणायची आणि वर बॉम्ब पडला की पोरांचे फोटो दाखवायचे. याचा दोष तुम्ही कोणाच्या पदरात घालणार? तुमच्या लेखात हमाससाठी तीन ओळी, बाकी सगळं इस्रायलवर.

२६/११ ला माझे मामा सीएसटीला लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला सोलापूरच्या गाडीची वाट बघत होते. बाटली भरायला नळावर गेले म्हणून वाचले. परत आले तेव्हा ज्या ट्रंकेवर बसले होते ती जागेवर होती आणि शेजारी डबा उघडून बसलेलं कुटुंब... लिहवत नाही. मामा आजही कुठल्याही स्टेशनात भिंतीला पाठ लावूनच उभे राहतात. त्याच रात्री नरिमन हाउसमध्ये ज्यू म्हणून माणसं शोधून मारली. दोन वर्षांचं पोर तेवढं आयाने उचलून बाहेर आणलं. ज्याने हे जवळून पाहिलंय त्याला 'दोन्ही बाजू' शिकवू नका.

नवगावची लेक

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहितेय.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागकडचे. आत्या साठच्या दशकात इस्रायलला गेली, आता अश्दोदला असते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सायरन झाला की तिच्याकडे पाऊण मिनिट असतं. गुडघ्यांमुळे तळघरापर्यंत पोचता येत नाही, म्हणून ती जिन्याच्या वळणावर उशी टाकून बसते. मला मेसेज येतो, "वाजला गं, जिन्यात आहे." दहा मिनिटांनी, "चहा टाकला." या दोन मेसेजांच्या मधली दहा मिनिटं मी ठाण्यात कशी काढते ते मलाच माहीत. नातू राखीव दलात, दोनदा गाझात जाऊन आलाय. काय पाहिलं ते सांगत नाही. आधी शुक्रवारी रात्री सगळ्यांबरोबर जेवायचा, आता ताट खोलीत घेऊन जातो.

तेव्हा वाटसरू, तुमच्या लेखात माझी आत्या कुठे आहे? आणि घाटावरचा, तिचं नाव घेऊन पोरांच्या उपासमारीचं समर्थन करू नका. गेल्या उन्हाळ्यात आत्या फोनवर रडली. म्हणाली, "पीठ अडवायचं नाही गं. आपल्यात पीठ अडवत नाहीत."

वाटसरू

नवगावची लेक, तुमचा आक्षेप बरोबर आहे. सात ऑक्टोबरचे मेलेले लिहिले, सायरनखाली जगणारे राहिले. ही उणीव माझी.

घाटावरचा, वसाहती उठवल्या हे खरं, पण गाझाचं आकाश, समुद्र आणि इजिप्तकडचं एक दार सोडून बाकी सगळ्या वेशी इस्रायलच्याच हातात राहिल्या. आणि हमासला पोसलं कोणी? २०१८ पासून कतारची रोकड सुटकेसमधून गाझात जायची ती नेतन्याहू सरकारच्या संमतीने. गाझात हमास आणि वेस्ट बँकेतल्या रामल्लात फतहचे अब्बास, अशी फूट राहिली की स्वतंत्र राष्ट्राचा विषयच निघत नाही, हा हिशेब होता. आज त्याच हमासचा दोष पिठाच्या रांगेतल्या बाईवर टाकताय.

जुना वाचक

मुत्सद्देगिरीवर कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत देणारा आपला देश. १९५० मध्ये इस्रायलला मान्यता, १९७४ मध्ये पीएलओला (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना), १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राष्ट्राला, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण संबंध. प्रत्येक पावलामागे काही विचार होता. आणि १२ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रसंधीच्या ठरावाला १४९ देश हो म्हणत असताना आपण तटस्थ! डिसेंबर २०२३ मध्ये अशाच ठरावाला हो म्हटलं होतं. आणि जूननंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशी दोन राष्ट्रं असावीत म्हणणाऱ्या न्यूयॉर्क घोषणेला पुन्हा हो. मी चाळीस वर्षं आंतरराष्ट्रीय पान वाचतोय, असा धरसोडपणा पाहिला नाही.

घाटावरचा

कारगिलला दारूगोळा कोणी दिला ते त्या चाळीस वर्षांत वाचलं असेलच. अडचणीला जो धावून आला त्याच्याविरुद्ध बोट वर करताना देश विचार करणारच.

रोखठोक

मतांचं सोडा. इस्रायलने वेस्ट बँकेतल्या दीड लाखाच्या आसपास मजुरांचे परवाने एका रात्रीत बंद केले आणि त्यांच्या जागी आपण आपली पोरं पाठवली. रोहतकला रांगा, मग पुण्यात चाचण्या. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी ओढायला माणसं पुरवणं, ही आपली मुत्सद्देगिरी. जाणाऱ्यांनाही लाज वाटायला हवी होती.

मोंढा रोड

लाज कोणाला म्हणता हो? माझा धाकटा भाऊ तिथे आहे. सेंट्रिंगचं काम करतो.

जालना जिल्ह्यात चार एकर, तिघांत वाटणी. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि मोंढ्यात हातात पडले चार हजारांच्या आत. बापाचं कर्ज, माझ्या लग्नाचं कर्ज. तिकडे महिना सव्वा लाखाच्या वर पगार. फळ्या ठोकायची चाचणी दिली, पास झाला, गेला. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रं पडली तेव्हा बारा दिवस आई देवापुढून उठली नाही. तुम्ही पुस्तकातली लाज आम्हाला शिकवू नका. इथे तीनशे रुपये रोजावर पोट भरून दाखवा, मग बोला.

रोखठोक

तुमच्या भावाची गरिबी मी नाकारत नाही. पण वेस्ट बँकेतल्या हेब्रोनच्या ज्या माणसाचं काम गेलं तोही कोणाचा तरी धाकटा भाऊच आहे. रात्री तीनला उठून नाक्यावरच्या लोखंडी पिंजऱ्यात उभा राहून तो कामाला जायचा. त्याने ७ ऑक्टोबर केलं नव्हतं. शिक्षा त्याला, फायदा ठेकेदाराला, आणि मधे आपण.

घाटावरचा

ज्या देशावर हल्ला झाला त्याने शत्रूच्या वस्तीतून रोज लाखभर माणसं आत घ्यावीत? कुठला देश घेईल? आणि माहितीसाठी: आपला कामगार करार मे २०२३ चा आहे. ४२ हजार कामगार, त्यातले ३४ हजार बांधकामाचे. ७ ऑक्टोबरच्या पाच महिने आधीचा.

रोखठोक

तारीख बरोबर आहे, मान्य. मजूर गेले ते मात्र परवाने बंद झाल्यावरच, घाईघाईने, युद्ध चालू असलेल्या देशात. तारखेने तो मुद्दा पुसला जात नाही.

नवगावची लेक

मूळ विषय गाझातल्या पोरांचा होता ना? कुठे येऊन पोचलो.

मोंढा रोड

ताई, मला माझं पूर्ण बोलू द्या. या साहेबांना वाटतं आम्हाला काही दिसत नाही.

भाऊ गेला तेव्हा त्याला अर्धवट इमारतीवर घातलं. चौथ्या मजल्यापर्यंत स्लॅब, पुढे वर्षभर काम बंद. सळया गंजून लाल. भिंतीवर पेन्सिलने अरबीत मापं लिहिलेली, आधीच्या माणसांनी. एका खांबामागे त्यांची कॉफीची लांब दांड्याची भांडी तशीच, आत कॉफी वाळून तडकलेली. त्याने फोटो पाठवला होता. म्हणाला, "ताई, मापं बरोबर आहेत. त्यांच्याच खुणेवरून पुढचं काम धरलं."

तिथला जुना मुकादम पलीकडचा, वेस्ट बँकेतला. अठरा वर्षं त्याच ठेकेदाराकडे. तो महिन्यातून एकदा फोन करतो, परवाना कधी सुरू होणार विचारायला. ठेकेदार बोलतो त्याच्याशी, दोघांचं चांगलं आहे. फोन ठेवल्यावर ठेकेदार बराच वेळ कोणाशी बोलत नाही. भाऊ म्हणतो, त्या दिवशी आम्हाला त्याच्याकडे बघवत नाही. लाज वाटते का विचारत होता ना? वाटते. तरी दुसऱ्या दिवशी फळी ठोकायला जावंच लागतं.

रोखठोक

'लाज वाटायला हवी' हे मी मजुरांना उद्देशून लिहायला नको होतं. करार करणाऱ्यांबद्दल लिहायचं होतं. ते वाक्य मागे घेतो.

जुना वाचक

इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या ओस्लो शांतता कराराच्या वेळी, १९९३ मध्ये, हेच म्हटलं जायचं की दोघांचे पोटाचे धागे एकमेकांत गुंतले की लढाई परवडणार नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रोनच्या मशिदीत गोल्डस्टाइन या ज्यू अतिरेक्याने २९ जणांना गोळ्या घातल्या, त्याच वसंतात हमासचे बसमधले आत्मघाती स्फोट सुरू झाले, नोव्हेंबर १९९५ मध्ये करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना त्यांच्याच देशातल्या माणसाने मारलं. मधल्या काळात वसाहती वाढतच राहिल्या. करार मोडायला दोन्हीकडची थोडीच माणसं पुरली.

घाटावरचा

दोन्हीकडची म्हणजे पुन्हा तेच समान माप. राबिनला मारणारा जन्मभर तुरुंगात आहे. हमास आपल्या मारेकऱ्यांची पोस्टरं लावतं. हा फरक तुम्हा कोणालाच दिसत नाही, याचा मला संताप येतो.

वाटसरू

तो फरक मला दिसतो आणि मोठा वाटतो. पण गोल्डस्टाइनच्या थडग्यावर फुलं वाहणारे लोकही आहेत आणि त्याचा फोटो घरात लावणारा माणूस नेतन्याहूंच्या मंत्रिमंडळात बसला. तुमचा संताप हमासवर असेल तर मी तुमच्या बाजूला उभा आहे. माझं भांडण त्या एका वाक्याशी आहे. गाझाच्या आरोग्य खात्याचा आकडा ऑक्टोबर २०२५ मध्ये ६७ हजारांच्या वर गेला होता. त्यात लढणारे होते, धरा. तुम्ही म्हणाल तेवढे धरा. उरलेल्यांचं काय? ते सरळ सांगा.

घाटावरचा

मामांना हा धागा वाचून दाखवला. ते इस्रायलच्या बाजूचे आहेत, माझ्यापेक्षा कट्टर. त्यांनी फक्त तुमचा पिठाचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, त्या रात्री आमच्याकडे बघून कोणी म्हणालं असतं की स्टेशनावर निरपराध कोणीच नाही, तर?

'कोणीच नाही' हे शब्द काढतो. परवाच्या प्रतिसादात दुरुस्ती करता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. ओलीस ७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोडले असते तर यातलं काहीच झालं नसतं, हे माझं मत कायम आहे.

नवगावची लेक

दुसऱ्या ओळीशी सहमत नाही, पण पहिलीसाठी आभार. मामांना नमस्कार सांगा.

वाटसरू

मोंढा रोड, त्या मुकादमाचं पुढे काय झालं? परवाना मिळाला का?

मोंढा रोड

काल रात्री भावाला विचारलं. या महिन्यात फोन आलेला नाही. ठेकेदाराने स्वतः लावून पाहिला, लागला नाही म्हणाला. सहाव्या मजल्याचा स्लॅब मंगळवारी पडतोय.