कंपनीच्या मेल सर्व्हरवर सगळ्यांचे मेल मॉनिटर करायला सांगितलंय, पोस्टफिक्समधे कसं करू?

अंबडकर
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका प्रेस पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आयटीचं सगळं मी एकटा बघतो. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा, उबुंटूवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारं), ४३ मेलबॉक्स. गेल्या दोन महिन्यात तीन मोठ्या ऑर्डरी एकाच पार्टीने आमच्यापेक्षा जेमतेम कमी रेट टाकून नेल्या, त्यामुळे शेठना पक्की शंका आहे की मार्केटिंगमधून कोणीतरी कोटेशन बाहेर देतंय. सोमवारी केबिनमधे बोलवून म्हणाले, सगळ्यांच्या येणाऱ्या जाणाऱ्या मेलची कॉपी माझ्याकडे आली पाहिजे आणि हे तुझ्या माझ्याशिवाय कोणाला कळता कामा नये.

ऑलवेज बीसीसी म्हणून एक ओळ सेटिंगमधे टाकली की प्रत्येक मेलची गुपचूप कॉपी ठरलेल्या पत्त्यावर जाते असं वाचलं, पण सर्व्हर चालू आहे म्हणून हात लावायच्या आधी विचारतोय. डिस्कवर १९० जीबी रिकामी आहे, ड्रॉइंगचे मेल खूप असतात. दुसरं म्हणजे हे कायद्यात बसतं का? मार्केटिंगची पोरं रोज माझ्यासोबत डबा खातात हो, आणि त्यांचे मेल मी गुपचूप कॉपी करायचे हे मनाला पटत नाहीये. नोकरी पण सांभाळायचीय.

टपालपेटी
ऑलवेज बीसीसी टाकू नकोस. चालतं, पण सर्व्हरवरून जाणारा प्रत्येक मेल उचलतं, न्यूजलेटर, स्पॅम, स्कॅनरकडून येणारे पीडीएफ, सगळं. अटॅचमेंट मेलमधे घातली की साधारण एक तृतीयांशने फुगते, म्हणजे साडेसात एमबीचं ड्रॉइंग दहा एमबीचं होतं, आणि त्याची आता अजून एक कॉपी. १९० जीबी बघता बघता जाईल.

करायचंच झालं तर सेंडर बीसीसी मॅप आणि रेसिपियंट बीसीसी मॅप अशा दोन वेगळ्या सेटिंग आहेत, त्यात ज्या पत्त्यांची कॉपी हवी तेवढेच लिहायचे, पोस्टमॅप (ती यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी कमांड) चालवायचं आणि पोस्टफिक्स रीलोड करायचं, रीस्टार्टची गरज नाही. सर्व्हरवर अमाविस (स्पॅम आणि व्हायरस तपासणारं) असेल तर मेल पोस्टफिक्सच्या क्लीनअप टप्प्यातून, जिथे ही कॉपी जोडली जाते, दोनदा जातो आणि प्रत्येक कॉपी डबल येते, तेव्हा मास्टर फाईलमधे दोनपैकी एका ठिकाणी नो अॅड्रेस मॅपिंग्ज द्यावं लागतं. यात माझा एकदा अख्खा शनिवार गेलाय.

आणि ज्या मेलबॉक्समधे कॉपी जाते तो भरला किंवा त्याचं नाव चुकलं तर बाउन्स, म्हणजे मेल परत आल्याचा निरोप, कोणाकडे जातो माहितीय? पोस्टफिक्स २.३ च्या आधी मूळ मेल ज्याने पाठवला त्याच्याकडे जायचा. आताचं पोस्टफिक्स त्याला कळवत नाही, पण पुढचं एखादं सॉफ्टवेअर ही सूचना पाळत नसेल तर अजूनही त्याच्याकडेच जाऊ शकतो. तसं झालं तर "अमुक पत्त्यावर मेल पोचला नाही" असं मार्केटिंगवाल्याला दिसणार आणि तो तुझ्याच टेबलाशी येऊन विचारणार की हा पत्ता कोणाचा, मी तर इथे पाठवलंच नव्हतं. शेठ म्हणतात तशी गुप्तता टिकेलच असं नाही.

पण मुळात कॉपी कशाला पाहिजे? आधी मेल लॉग बघ ना. कोणी कोणाला किती वाजता किती बाइटचा मेल पाठवला, कोणत्या लॉगिनने पाठवला, पोचला की नाही, सगळं त्यात आहे, आणि मजकूर नाही, म्हणजे कोणाचं खाजगी वाचायचा प्रश्नच येत नाही. त्या पार्टीचं डोमेन (पत्त्यातला @ च्या पुढचा भाग) ग्रेप कमांडने लॉगमधे शोधून बघ. मग कोटेशन पाठवलेल्या दिवसांचे जीमेलसारख्या खाजगी पत्त्यांवर गेलेले मोठे मेल बघ. विषयाची ओळ लॉगमधे नसते, हवीच असेल तर पोस्टफिक्सच्या हेडर चेक्स सेटिंगमधे सब्जेक्टला इन्फो लावलं की यायला लागते, पण ते पुढच्या मेलपासून, मागचं मिळत नाही.

अजून एक, उबुंटूमधे लॉग सहसा आठवड्याला फिरतो, म्हणजे नवी फाईल सुरू होते, आणि मागच्या चारच ठेवतो. आजच आहे तेवढं दुसरीकडे कॉपी करून ठेव नाहीतर रविवारी एक आठवडा हातातून जाईल.

वैदेही_ठाणे
मी एका कंपनीत कंप्लायन्स बघते, कायद्याबद्दल तेवढं लिहिते. कंपनीच्या सर्व्हरवरचा कंपनीचा मेल तपासायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम ७ मधे नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, त्यात व्यापारी गुपितं फुटू नयेत हे स्पष्ट लिहिलंय, कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय डेटा वापरायची सोय आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत. पण याचा अर्थ काहीही साठवा असा होत नाही, त्याच कायद्यात डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि ४३ लोकांचे पगार, मेडिकल बिलं, बँकेची पत्रं एकाच मेलबॉक्समधे गोळा करून त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवणं म्हणजे चोराला एकच कुलूप फोडायला देणं.

खाजगीपणा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलंच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमधे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात रोमानियातल्या एका कर्मचाऱ्याचा निकाल लागला. कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरचं त्याचं भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं बोलणं कंपनीने वाचलं होतं. न्यायालय त्याच्या बाजूने गेलं, आणि मोठं कारण हे की खाजगी वापराला बंदी आहे हे त्याला सांगितलेलं होतं पण कंपनी मजकुरापर्यंत वाचणार आहे हे आधी सांगितलेलं नव्हतं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण शेठना समजावून सांगायला चांगला आहे. एक पानाची पॉलिसी मराठीत लिहा, काय तपासलं जाईल, कोण बघेल, किती दिवस ठेवलं जाईल, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. शेठचे आदेश तोंडी घेऊ नका दादा, मेलवर मागा. उद्या प्रकरण वाढलं तर कीबोर्ड तुमच्या हातात होता एवढंच दिसणार.

लॉग किती दिवस ठेवायचा याला सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, १८० दिवस, आणि तो कंपन्यांनाही लागू आहे. तुमचे चार आठवडे त्यात बसत नाहीत, ते आधी सुधारा.

सिंहगडरोड
मी आयटीतला नाही पण लिहावंसं वाटलं. आमच्या आधीच्या ऑफिसात असं गुपचूप चालू होतं. वडिलांच्या केमोथेरपीच्या तारखा हॉस्पिटलवाले माझ्या ऑफिस मेलवर पाठवायचे कारण दिवसभर तोच उघडा असायचा. एक दिवस साहेब सहज बोलता बोलता म्हणाले, पुढच्या गुरुवारी तुला सुट्टी लागेल ना, चौथी सायकल आहे. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी चांगल्या मनानेच विचारलं असेल पण मी त्या दिवसापासून त्या ऑफिसात मोकळेपणी श्वास घेऊ शकलो नाही आणि चार महिन्यात नोकरी सोडली. आधी सांगितलं असतं की मेल तपासले जातात तर मी जीमेल वापरला असता, एवढीच गोष्ट होती.

अंबडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री थांबून लॉग काढला, चारच आठवडे मिळाले, म्हणजे तीनपैकी एकच कोटेशन त्यात येतं. त्या पार्टीच्या डोमेनवर एकही मेल गेलेला नाही. पण एका जीमेल पत्त्यावर आमच्याकडून रोज सात-आठ मेल जातायत असं दिसलं, आणि त्या ओळीत पुढे ओरिजिनल टू मधे, म्हणजे मेल मुळात ज्या पत्त्यावर आला तिथे, आमचाच कोटेशन ग्रुपचा पत्ता होता. एलियास फाईल (ग्रुपवरचा मेल पुढे कोणाकोणाला जातो त्याची यादी) उघडली तर त्यात मार्केटिंगच्या एका माणसाचा खाजगी जीमेल आहे, जो मे महिन्यात नोकरी सोडून गेला. मोबाईलवर मेल दिसावा म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने सांगितला आणि मीच तो टाकलेला. तो गेल्यावर लॉगिन बंद केलं पण इथलं नाव काढायचं राहिलं. तेव्हापासून ग्रुपवर येणारं प्रत्येक कोटेशन त्याला आपोआप जातंय.

सकाळी शेठना लॉगची प्रिंट दाखवली आणि चूक माझी आहे हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, म्हणजे आपल्यातलं कोणी नव्हतं. ऑर्डर त्याच्यामुळेच गेल्या का हे यावरून ठरत नाही हे पण मी सांगितलं. कॉपीचं त्यांनी सध्या थांबवलंय, पॉलिसी लिहायला सांगितलीय. ते नाव लगेच काढू ना?

टपालपेटी
काढ, पण आधी एलियास फाईलची आणि लॉगची जशीच्या तशी कॉपी घे आणि दोन्हीचा शा-२५६ हॅश (फाईलचा ठसा, ती बदलली की हाही बदलतो) लिहून ठेव. पुढे वकिलाकडे गेलात तर १ जुलै २०२४ पासूनच्या साक्ष अधिनियमात कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात हा हॅश द्यावा लागतो. मग नाव काढून न्यूएलियासेस कमांड चालव म्हणजे बदल लागू होईल, आणि ग्रुपवर एक टेस्ट मेल टाकून लॉगमधे बघ की जीमेलकडे जात नाहीये.

एलियास फाईलवर थांबू नकोस. मेल दुसरीकडे वळवायच्या बाकीच्या जागाही बघ: व्हर्च्युअल मॅप बघ, लोकांच्या होम फोल्डरमधल्या डॉट फॉरवर्ड फाईली बघ, आणि डव्हकॉटमधे सिव्ह (प्रत्येकाचे मेलचे नियम) चालू असेल तर ४३ च्या ४३ मेलबॉक्समधे रिडायरेक्ट शब्द शोध. वेबमेलमधून फॉरवर्ड लावलं की ते तिथे जाऊन बसतं आणि अॅडमिनला कधीच दिसत नाही. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटमधे ४ आठवड्यांचे २६ कर, १८२ दिवस होतात.

वैदेही_ठाणे
आणि नोकरी सोडताना एचआर जो नो ड्यूज फॉर्म भरून घेतं त्यात लॉगिनच्या शेजारी ग्रुप आणि फॉरवर्डिंग अशा दोन ओळी वाढवा. पॉलिसीचा कच्चा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून देते.